मागचे पंख कशासाठी होते?

मागच्या महिन्यात या पानावर मी एका काळ्याभोर कॅडिलॅक या अमेरिकी गाडीचा फोटो दिला होता. १९५९चं मॉडेल. मिशिगनला लेकीकडे गेलो असताना पाहिलेली. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दर ऑगस्टात जुन्या गाड्या रस्त्यावर निघतात, माणसं कडेला खुर्च्या टाकून बसतात. तिथे या गाडीपाशी मी तासभर उभा होतो. फोटोवर भरपूर पत्रं आली. त्यांतली पाच इथे घेतो. बाकीच्यांना टपालाने उत्तर देईन.

सांगलीहून यंत्र अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी विचारते: काका, गाडीच्या मागे उभे असलेले ते दोन पंख बघून आमच्या वर्गात वाद झाला. एकाचं म्हणणं, वेगात गाडी स्थिर राहावी म्हणून ते आहेत. माझी मैत्रीण म्हणते, निव्वळ दिखावा. खरं काय? आणि एवढे उंच कशाला?

तुझ्या वर्गातल्या मुलाचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. बाणाला मागे पिसं लावतात, तसंच गाडीच्या मागे उभा पत्रा लावला की बाजूने येणाऱ्या वाऱ्याचा जोर मागच्या अंगाला जास्त पडतो आणि गाडी सरळ राहायला मदत होते. क्रायस्लर कंपनीने १९५७च्या गाड्या विकताना नेमकं हेच सांगितलं होतं. पण हे जाणवायला वेग फार लागतो. बाजारात जाताना, पोरांना शाळेत सोडताना त्याचा काही उपयोग नाही. कॅडिलॅकचे पंख डोळ्यांसाठी होते. म्हणजे मैत्रीण जिंकली. तिचा तो ‘निव्वळ’ शब्द मात्र मला मान्य नाही. का, ते सांगतो.

हे पंख आले विमानावरून. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात डेट्रॉइटजवळच्या सेल्फ्रिज विमानतळावर लॉकहीडचं पी-३८ हे नवं लढाऊ विमान होतं. दोन धडं, दोन शेपट्या, प्रत्येक शेपटीवर एक उभा पंख. कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या स्टायलिंग, म्हणजे गाड्यांचं रूप ठरवणाऱ्या, विभागाचा प्रमुख हार्ली अर्ल आपल्या माणसांना घेऊन ते बघायला गेला. गुप्त विमान, त्यामुळे लांबूनच बघायचं. पण ती शेपटी त्यांच्या डोक्यात बसली ती बसलीच. १९४८च्या कॅडिलॅकवर ती पहिल्यांदा उमटली. मागच्या मडगार्डाला आलेला छोटासा उंचवटा आणि त्यात लाल दिवा, एवढंच. डाव्या बाजूचा तो दिवा वर उचलला की खाली पेट्रोल भरायचं तोंड होतं. म्हणजे सुरुवातीला पंखाला थोडं काम होतं!

अर्लबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण तो आमच्याच, गाड्यांच्या पत्र्याच्या धंद्यातला. त्याचे वडील लॉस एंजेलिसला घोडागाड्या बांधायचे, पुढे मोटारींच्या बॉड्या बांधू लागले. हा त्याच कारखान्यात वाढला आणि सिनेमातल्या नटांना हव्या तशा गाड्या बनवून देऊ लागला. १९२७ साली जनरल मोटर्सने त्याला बोलावून वेगळा विभाग काढून दिला. लाकूड आणि पत्रा ठोकून नमुने करण्यापेक्षा तो मातीत गाडी घडवायचा. पूर्ण मापाची, मातीची गाडी. गणपती घडवणारा जसा अंगठ्याने गालाची गोलाई दाबून बसवतो, तशी मडगार्डाची वळणं बसवायची. या एका सवयीमुळे गाडीचा आकार बदलला. लाकडाने जे वळण सहज होत नाही ते मातीत होतं.

कंपनीचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याचा हिशेब निराळा होता. त्याने गाड्यांची शिडी लावली होती: खाली शेवरोले, मग पॉन्टिअ‍ॅक, ओल्ड्समोबील, ब्यूक आणि सगळ्यांत वर कॅडिलॅक. माणसाचा पगार वाढला की त्याने एक पायरी चढावी. आणि दरवर्षी रूप बदलावं, म्हणजे परवाची गाडी आज जुनी वाटावी. पंख त्या हिशेबात चपखल बसले. कोण कुठल्या पायरीवर आहे, हे मागून येणाऱ्यालासुद्धा कळायला लागलं.

आता उंचीचं. १९५६च्या ऑगस्टात अर्ल युरोपात होता. त्याच्या हाताखालचा चक जॉर्डन नावाचा तरुण डिझायनर दुपारच्या सुट्टीत गाडी घेऊन भटकत असताना क्रायस्लरच्या आवाराच्या कुंपणापाशी पोहोचला. आत पुढच्या वर्षीच्या प्लिमथ गाड्या लावून ठेवलेल्या. बुटक्या, सडपातळ, पातळ छताच्या, मागे सरळ वर गेलेले पंख. तो परतला आणि सोबत्यांना घेऊन पुन्हा बघायला गेला. १९५९साठी अर्लच्या सांगण्यावरून जे जाडजूड आकार चालले होते, ते त्या दिवशी सगळ्यांना म्हातारे वाटले. साहेब नसताना त्यांनी नव्याने काम सुरू केलं. अर्लनंतरचा मोठा माणूस बिल मिचेल त्यांच्या पाठीशी उभा राहिला. अर्ल परत आला, त्याने सगळं पाहिलं आणि तेच पुढे चालू दिलं. साठी ओलांडलेला, कुणाचं ऐकून न घेण्याबद्दल नाव असलेला माणूस. त्याने हातातली माती पोरांच्या हवाली केली, हे मला त्या पंखांपेक्षाही मोठं वाटतं. १९५८च्या अखेरीस तो निवृत्त झाला.

अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं की रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडल्यावर अमेरिकेने गाडीचं रॉकेट केलं. तारखा बघ. स्पुटनिक उडाला १९५७च्या ऑक्टोबरात. हे काम त्याच्या वर्षभर आधी सुरू झालं होतं. वारं आधीपासूनच आकाशाकडे वाहत होतं.

जी गाडी निघाली ती २२५ इंच लांब, म्हणजे पावणेसहा मीटरला जरा कमी. इंजिन ३९० घन इंचांचं. आपल्या प्रीमियर पद्मिनीची जवळजवळ सहा इंजिनं त्यात मावतील. प्रत्येक पंखाच्या पोटातून बंदुकीच्या गोळीसारखे दोन लाल दिवे बाहेर आलेले. खाली बंपरच्या दोन टोकांना जेट इंजिनाच्या तोंडासारखे गोल. आणि मागेसुद्धा पुढच्यासारखी चकचकीत जाळी, जिचं काही म्हणजे काही काम नाही.

मी तिथे उभा राहून काय बघत होतो, ते सांगतो. माझे वडील शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात होते. अमेरिकेहून खोक्यांतून शेवरोलेचे सुटे भाग यायचे, ते जुळवायचे. १९५४ला तो कारखाना बंद झाला. मग त्यांनी परळला डेंटिंग-पेंटिंगचं दुकान टाकलं आणि तिथे मी चौदाव्या वर्षापासून हातोडी धरली. आमच्या धंद्यात खोल गोलाई सोपी. कठीण काय, तर लांबच लांब, जवळजवळ सपाट पत्रा. चार ठोके जास्त पडले की पत्रा ताणतो, मग मधोमध अंगठा दाबला की टण्णकन आत जातो, सोडला की बाहेर येतो. तो पुन्हा बसवायचा तर जागेवर तापवून लाल करायचा आणि ओल्या फडक्याने थंड करत आवळायचा. त्यातून गाडी काळी असली की संपलंच. काळ्या रंगात केसाएवढी लाटसुद्धा दिसते. आम्ही ट्यूबलाइट आडवी धरून तिचं प्रतिबिंब पत्र्यात बघायचो. रेघ कुठे थरथरली की काम पुन्हा.

त्या कॅडिलॅकची रेघ दारापाशी सुरू होते, मागे जाता जाता वर चढते आणि टोकाला धार होऊन संपते. मी हात फिरवला. मालकाने परवानगी दिली होती. आकाशातले ढग त्या पत्र्यात न तुटता सरकत होते. डेट्रॉइटच्या कारखान्यात कुणीतरी तो सांधा घासून, बोटांनी चाचपून पुढे पाठवला असेल. सांगलीच्या पोरी, निव्वळ दिखाव्यासाठी एवढं नीट काम कुणी करत नाही.

शिकागोजवळून एक वाचक लिहितात: आमच्या शेजारी ऐंशीच्या घरातले एक आफ्रिकन-अमेरिकन आजोबा राहतात. त्यांच्या गराजमध्ये जुनी कॅडिलॅक आहे, १९६०च्या आसपासची. ती चालत नाही, पण विकायला तयार नाहीत. त्यांच्या पिढीत या गाडीचं इतकं प्रेम का?

तुम्ही त्यांना विचारा. चहाला बोलवा आणि विचारा. पण मला वुडवर्डवर जे ऐकायला मिळालं ते सांगतो, कारण त्या काळ्या गाडीचे मालकही त्याच पिढीचे आणि त्याच समाजाचे. चाळीस वर्षं मोटार कारखान्यात काढलेली. गाडी त्यांच्या वडिलांची, १९६३ला जुनी घेतलेली.

आधी थोडं मागे जाऊ. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅडिलॅकचे विक्रेते काळ्या गिऱ्हाइकाला गाडी विकत नसत. कंपनीचं तसं धोरणच होतं. मंदीत धंदा बुडायला आला. तेव्हा सर्व्हिस विभागाचा निकोलस ड्रायश्टाट या जर्मनीहून आलेल्या माणसाच्या लक्षात आलं की दुरुस्तीला गाडी घेऊन येणाऱ्यांत काळे डॉक्टर, मुष्टियोद्धे, गायक आहेत. त्यांना विकतच नाही, तर गाड्या आल्या कुठून? एखाद्या गोऱ्या माणसाला वर पैसे देऊन त्याच्या नावाने घेतलेल्या. ड्रायश्टाट वरिष्ठांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, सरळ विका. धोरण बदललं, खप वाढला. ही हकीकत व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी आपल्या आठवणींत लिहिली आहे. कंपनीने न्याय म्हणून दार उघडलं नाही, धंद्यासाठी उघडलं, हे विसरायला नको. पण दार उघडलं.

पुढे १९४९च्या सप्टेंबरात ‘एबनी’ या काळ्या वाचकांच्या मासिकाने संपादकीयच लिहिलं: आपले लोक कॅडिलॅक का घेतात? त्यातला मुद्दा असा, की ही गाडी म्हणजे मी कुठल्याही गोऱ्या माणसाच्या बरोबरीचा आहे याची रस्त्यावर दिसणारी खूण आहे. आणि बघा, घर घ्यायला गेलं तर चांगल्या वस्तीत घर मिळत नव्हतं, बँका कर्ज देत नव्हत्या. पैसा असून भिंत आडवी. गाडीला मात्र वस्ती लागत नाही. ती सगळ्या वस्त्यांमधून जाते.

आता त्या मालकांची गोष्ट. दर उन्हाळ्यात त्यांचे वडील कुटुंबाला घेऊन मिशिगनहून अलाबामाला आजीकडे जायचे. हजार-बाराशे किलोमीटर. वाटेत हॉटेलं होती, पण त्यांच्यासाठी नव्हती. पंपावर पेट्रोल मिळायचं, संडास मिळेलच असं नाही. काही गावांत तर सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने थांबणंच धोक्याचं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून एक छोटी हिरवी पुस्तिका काढली होती: कुठल्या गावात कुठलं घर, कुठली खानावळ काळ्या प्रवाशाला आत घेते त्याची यादी. ती पुढच्या कप्प्यात असायची. आईने तळलेली कोंबडी बुटाच्या खोक्यात भरलेली, डिकीत पाण्याची भांडी, पेट्रोलचा जादा डबा, गोधड्या. मागच्या सीटवर तीन भावंडं आडवी झोपायची आणि वडील रात्रभर चालवायचे. मालक मला म्हणाले की लोकांना ही गाडी चैनीची वाटते, आमच्यासाठी ती खानावळ होती आणि लॉजही. गाडी मोठी हवी, दणकट हवी, भलत्या ठिकाणी बंद न पडणारी हवी. कॅडिलॅकच का, हे मला तोवर कळलं नव्हतं. मी आयुष्यभर त्या डिकीची लांबी उधळपट्टी म्हणून मोजत आलो होतो.

हॉटेलांतला हा भेदभाव १९६४च्या नागरी हक्क कायद्याने बंद केला. म्हणजे या गाडीतून त्या कुटुंबाची एक फेरी तरी, १९६३ची, जुन्या रिवाजात झाली. मालक तेव्हा अकरा वर्षांचे होते. रात्री मागच्या काचेतून बघितलं की पंखांवरच्या लाल दिव्यांचा उजेड रस्त्यावर मागे पसरत जायचा, तो त्यांना अजून आठवतो.

तुमच्या आजोबांची गाडी चालत नसेल, पण ते ती विकत नाहीत यात मला काही नवल वाटत नाही.

नाशिकहून एक निवृत्त शल्यविशारद: फोटोतली ती टोकं बघून माझ्यातला डॉक्टर दचकला. यांनी कुणाला इजा झाली नाही का?

झाली, डॉक्टरसाहेब. जीव गेले. मोटारींच्या असुरक्षिततेवरच्या राल्फ नेडर यांच्या १९६५च्या पुस्तकात मेरीलँडमधल्या नऊ वर्षांच्या मुलीची नोंद आहे. १९६३ साली घराजवळ सायकल चालवताना ती उभ्या असलेल्या १९६२च्या कॅडिलॅकवर आदळली आणि पंखाचं टोक तिच्या गळ्याखाली शिरलं. गाडी हलतही नव्हती. १९५९चे पंख तर त्याहून उंच आणि टोकदार. तेव्हाच्या गाड्यांत सीटबेल्ट सर्रास नसत, स्टिअरिंगचा दांडा छातीवर यायचा, डॅशबोर्डची कड लोखंडी असायची. ज्या धारेचं मी वर कौतुक केलं, तीच ही धार. मी ते कौतुक मागे घेत नाही, पण ही नोंद त्याच्या शेजारी असलीच पाहिजे. पंख १९६०पासूनच उतरू लागले होते. १९६५च्या कॅडिलॅकला ते उरले नाहीत.

डॅलसहून एक ताई: टेक्ससमध्ये अमरिलोजवळ शेतात उलट्या पुरलेल्या कॅडिलॅक बघितल्या. मुलांनी स्प्रेने रंगवल्या. मला मात्र वाईट वाटलं. हा गाडीचा अपमान नाही का?

१९७४ला अँट फार्म नावाच्या कलावंतांच्या गटाने स्टॅन्ली मार्श या तिथल्या श्रीमंत माणसाच्या शेतात त्या पुरल्या. दहा गाड्या, १९४९ ते १९६३च्या. नाक जमिनीत, शेपूट वर. त्या ओळीने बघत गेलं की पंख उगवतो, वाढतो आणि मावळतो. नाक पुरलं म्हणून तर पंखच दिसतात, ताई. मला तो अपमान वाटत नाही. रंगाऱ्याच्या नजरेने एक गोष्ट मात्र सांगतो. त्यांच्यावर पन्नास वर्षांच्या रंगाचे इतके थर आहेत की मूळ धार कुठेच उरलेली नाही. आपण ज्याला ‘ड्युको मारणं’ म्हणतो तो ड्युको हासुद्धा ड्यूपाँट ही रसायनांची कंपनी आणि जनरल मोटर्स यांच्याच घरचा, १९२०च्या दशकातला. त्याआधी गाडीचा रंग वाळायला आठवडे लागत. ड्युको काही तासांत वाळू लागला, म्हणून दरवर्षी नवे रंग काढता आले. परळच्या आमच्या दुकानातला कारागीर ‘ड्युको’ म्हणायचा तेव्हा हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही फार उशिरा कळलं.

मुंबईहून, लालबागचे एक वाचक: माझे वडील पस्तीस वर्षं टॅक्सी चालवायचे. त्यांची शेवटची पद्मिनी २०२२ला वीस वर्षांची मुदत संपल्यावर मोडीत काढली. तेव्हा भंगारवाल्याकडून मागच्या डाव्या मडगार्डाचा दिव्याजवळचा तुकडा मी कापून घेतला. वडील मागच्या वर्षी गेले. तुमचा फोटो बघून वाटलं, आमच्या टॅक्सीला पण मागे असाच छोटा पंख होता. हा भास आहे का? आणि तुकड्याला गंज चढतोय, काय करू?

भास नाही. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट अकराशे. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पंखांची लाट युरोपात पोहोचली. जर्मनीत मर्सिडीजवाल्यांनीसुद्धा लावले आणि गाडी मागे घेताना टोक कळावं म्हणून आहेत, असं सांगितलं. फियाटने मागच्या मडगार्डाची कड जराशी उचलली आणि तिच्या टोकाला उभा दिवा बसवला. मग ती कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात आली आणि अमेरिकेतले पंख गळून पडल्यावरही २०००च्या आसपासपर्यंत तशीच बनत राहिली. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, तोवर ती उचललेली कड आपल्या रस्त्यांवर होती. मी ती शेकड्याने सरळ केली आहे. मागे घेताना आधी तिथेच लागायचं.

आता तुकड्याचं. घाई करू नका. आतली, उघडी बाजू आधी घ्या. तारेच्या ब्रशने सुटलेला गंज काढा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा, शेवटी १८०ने. थिनरच्या फडक्याने पुसा, हात लावू नका, घामाने पुन्हा गंज धरतो. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात मारा. पावसाळ्यात करू नका, हवा कोरडी होईपर्यंत थांबा. कापलेल्या कडेला गंज सगळ्यांत आधी लागतो, तेव्हा तिथे प्रायमर ब्रशने भरा.

बाहेरच्या काळ्या बाजूला पेपर लावू नका. रंग फुगला असेल तिथे फक्त नखाने सुटेल तेवढाच काढा. ओल्या मऊ फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, वर मेण घासा, बस. तिथे ओरखडे असतील, दोन-तीन रंगांचे थर दिसतील, कदाचित कुठे लांबी (पुट्टी) भरलेली असेल. ते सगळं तुमच्या वडिलांच्या पस्तीस वर्षांतलं आहे, ते राहू द्या. दिव्याची काच तुटकी असेल तर बदलू नका, मागून कागदाची चिकटपट्टी लावून धरा. आणि जमलं तर परळला माझ्याकडे घेऊन या, आतल्या कोपऱ्यातला गंज मी काढून देतो.